खाडीत पाणी किती होतं

डायलिसिससाठी सुलभाच्या छातीत, गळ्याच्या जरा खाली, नळी बसवली त्या दिवशी नर्सने मला तीनदा बजावलं, इथे पाण्याचा थेंब लागता कामा नये. आंघोळसुद्धा नाही, नुसतं अंग पुसायचं. मी मान हलवली. घरी येताना रिक्षात सुलभा, म्हणजे माझी बायको, बाहेर बघत म्हणाली, "अहो, आता तरी ताट माझ्यापुढून नेऊ नका." मला ओळखणाऱ्यांना हे खोटं वाटेल, पण आमची द्रोणागिरी वसाहत येईपर्यंत खरंच एक शब्द बोललो नाही.

ताट म्हणजे प्रभुभोजनाचं, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात त्याचं. आमच्या बाप्टिस्ट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी ते फिरतं आणि ते धरून ओळीओळीने नेण्याचं काम माझं. त्यातली बेखमीर, म्हणजे न आंबवलेली, भाकर सुलभा शनिवारी स्वतः लाटायची, मनुका उकळून द्राक्षरसही तीच काढायची. आणि रविवारी तेच ताट मी तिच्यापुढून शेजारच्या बाईकडे न्यायचो. अठरा वर्षं. कारण ती सभासद नव्हती.

हे नीट सांगायला हवं. ही मंडळी सुरू झाली तीच मुळी आमच्या वन रूम किचनमध्ये, सुलभाच्या ओट्याला टेकून. पहिल्या रविवारी माणसं किती होती असं कोणी विचारलं की मी "चाळीस, आणि दारात उभे ते वेगळे" असं सांगत आलो. होतो पाच. त्यातला एक गॅस सिलिंडर द्यायला आला होता, पण शेवटच्या गीतापर्यंत थांबला म्हणून मी त्यालाही धरला. मी कंटेनर यार्डात टॅली क्लार्क होतो. आलेले-गेलेले डबे मोजायचे, उभ्या नोकरीत एक चुकला नाही. मंडळीतली माझी मोजदाद मात्र कायम वाढीव. पुढे देवाने लाज राखली. बंदरातले ड्रायव्हर आले, गोदामातले लोक आले, जालन्याकडची दोन कुटुंबं आली, सरकारी दवाखान्यातली रूथसिस्टर आली. ओट्यावरून आम्ही टायरच्या दुकानावरच्या खोलीत गेलो, तिथून आत्ताच्या हॉलमध्ये. आज खरोखरच चाळीसच्या वर माणसं असतात. आता मी शंभर सांगतो.

आमच्यात बाप्तिस्मा कळत्या वयात, स्वतःच्या विश्वासाने, आणि पूर्ण पाण्यात बुडवून होतो. त्यासाठी मी करंजाच्या धक्क्यावरून मासळी बर्फात ठेवायचा एक जुना टब आणला होता, माणूस आडवा मावेल एवढा. सुलभाने तो सोड्याने घासला, लिंबाने घासला, उन्हात ठेवला. तरी आमच्या मंडळीत ज्याचा ज्याचा नवा जन्म झाला त्याला बोंबलाचा वास येतच राहिला. आणि मंडळीची नियमावली लिहायची वेळ आली तेव्हा ती लिहिली मी, माझ्या अक्षरात: बुडवून बाप्तिस्मा झाला असेल त्यालाच सभासदत्व, सभासदालाच प्रभुभोजन.

सुलभा नगरकडची. तिचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर. त्यांनी तिला तान्ही असताना देवळात नेलं आणि तिथल्या पाळकांनी पितळी वाटीतलं पाणी तिच्या कपाळावर शिंपडलं. मी म्हणायचो, हा काही बाप्तिस्मा नव्हे, हे तोंड पुसणं झालं. ती म्हणायची, "माझ्या बापानं मला देवाला दिलं, देवानं घेतलं. आता तुमचं पाणी कमी पडलं म्हणून परत देऊ?" ती कधी टबात उतरली नाही. मी कधी ताट थांबवलं नाही. मंडळीला माझा हा बाणा फार आवडायचा. बायकोलाही सोडत नाही म्हणायचे.

आणि माझा स्वतःचा बाप्तिस्मा? तो तर सगळ्यांना पाठ होता. मंडळीतला पहिला मी, त्यामुळे टबाच्या आधीचा, थेट खाडीतला. दरवर्षी मी मंडळीपुढे साक्ष द्यायचो, म्हणजे ती गोष्ट सांगायचो, आणि दरवर्षी पाणी चढायचं. पहिल्यांदा छातीपर्यंत होतं, मग गळ्यापर्यंत, मग डोक्यावरून लाट गेली. गेल्या वर्षी तर दूर एक जहाज थांबलं आणि कप्तानाने टोपी काढली. थोरले पाळकसाहेब, ज्यांनी मला बुडवलं, ते देवाघरी गेले होते, मग अडवणार कोण?

रिक्षातल्या त्या दिवसानंतर चार दिवसांनी सुलभा म्हणाली, "चला, बुडवा मला. माझा हट्ट संपला. मला ती भाकर पाहिजे." अठरा वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते आलं, आणि आलं ते छातीत नळी घेऊन. रूथसिस्टरला विचारलं, प्लॅस्टिक गुंडाळून एक पटकन बुडी दिली तर? ती माझ्यावर खेकसली, "काका, इन्फेक्शन झालं तर आठवडा पण नाही काढायच्या त्या. वेड लागलंय का तुम्हाला?" आत्ताचे पाळकसाहेब शांत माणूस. ते म्हणाले, "नियम मंडळीचा आहे, मंडळीच ठरवेल. रविवारी उपासनेनंतर सभा घेऊ. पण लोक तुमच्या तोंडाकडे बघतील, हे लक्षात ठेवा."

त्या आठवड्यात माझी प्रार्थना कोरडी पडली. गुडघे टेकायचो आणि नियमावलीच्या ओळी आठवायच्या. सुलभा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. जेवण जात नव्हतं. रंग राखेसारखा झाला होता. मला वाटायचं, देवाने दार लावलं आणि कडी माझ्याच हातून घालून घेतली.

तरी खोड जात नाही. शनिवारी सकाळी मी करंजाला गेलो, एखादा उथळ टब मिळाला तर बघायला. म्हटलं, नळीच्या खालचं अंग पाण्यात आणि वरचं बाहेर, देवाशी काहीतरी तडजोड करू. धक्क्यावर एक म्हातारे कोळीबाबा जाळं विणत बसले होते. मी टबाचं विचारलं. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

"कशाला पायजे?"

"माणसाला बुडवायचंय. बाप्तिस्मा."

ते हसायला लागले. "तुमीच ना ते? लय वरसं झाली. पांढरं कपडं घालून खारीत आल्तं. संगाती एक म्हातारं व्हतं नि काठाला एक बाय."

"हो, मीच," मी छाती काढून म्हणालो. "काय पाणी होतं त्या दिवशी."

"पानी?" बाबांनी सुई थांबवली. "सुकती व्हती सायेब, दर्या वसरलेला. पानी घोट्याएवरा. तुमी चिखलान आरवं परलं नि त्या म्हाताऱ्यानं वंजलीनं पानी घेतलं नि तुमच्या डोक्याव टाकलं. तुमचा पाय रुतला, मीच खेचून कारला."

एरवी मी तुम्हाला सांगितलं असतं की पुढच्या क्षणी बाबा अदृश्य झाले. नाही झाले. तिथेच बसून बिडी ओढत होते. आणि मला सगळं तसंच आठवलं. चिखलाचा वास, कानात गेलेला गाळ, थोरल्या पाळकसाहेबांची थरथरती ओंजळ. भरती-ओहोटीची वेळ बघायची राहिली होती, आम्हा दोघांकडूनही. पाळकसाहेब तेव्हा म्हणाले होते, "देवाने पाहिलं, पुरे झालं." हे वाक्य मी इतक्या लाटांखाली पुरलं होतं की मलाच सापडत नव्हतं. बाबांचं बोलणं ऐकणारं धक्क्यावर दुसरं कोणी नव्हतं. मी टब न घेता घरी येऊन गप्प राहिलो असतो, तर आजही माझ्या साक्षीत जहाज थांबलं असतं.

रविवारी सभेत सुलभा मागच्या खुर्चीवर शालीत बसली होती. जालन्याचा एक भाऊ म्हणाला, "काकांनी सांगावं. त्यांनीच शिकवलंय आम्हाला." मी उठलो. साक्ष देताना माझा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू जातो. त्या दिवशी पहिल्या ओळीतल्यांनाही नीट गेला नसेल. मी ओहोटीचं सांगितलं. घोट्याएवढं पाणी सांगितलं, ओंजळ सांगितली. म्हटलं, जो नियम मी माझ्या बायकोला लावला तो मला आधी लागतो. सभासदांच्या वहीत पहिलं नाव माझं आहे. ते आधी खोडा.

मग रूथसिस्टर म्हणाली, "काका, कुणाचं नाव कशाला खोडायचं? काकूंचं लिहा." पाळकसाहेबांनी हात वर करायला सांगितलं. सगळ्यांनी केले नाहीत. एक कुटुंब त्या दिवसापासून येत नाही, आणि त्यांचा राग मला समजतो, त्यांना मीच घडवलं होतं. पण हात पुरेसे होते. ते मी मोजले नाहीत. पाळकसाहेबांनी वहीत सुलभाचं नाव लिहिलं आणि त्याच आठवड्यात, पहिल्या रविवारची वाट न बघता, घरी प्रभुभोजन आणलं. भाकर तिला लाटता आली नव्हती, रूथसिस्टरने लाटली होती. मी ताट तिच्यापुढे धरलं आणि थांबलो. तिने बारकासा तुकडा घेतला, फार वेळ चघळला.

नंतर मी विचारलं, "तू तर काठावर कपडे धरून उभी होतीस. तुला सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुमचंही नाव खोडावं लागलं असतं," ती म्हणाली. "मग ताट कोणी धरलं असतं?"

तीन आठवड्यांनी ती गेली. माझ्या मोठ्या आवाजाला तिने अठरा वर्षं आडोसा दिला आणि मी त्यालाच माझी निष्ठा समजत राहिलो. हे कळायला देवाने मला धक्क्यावर पाठवलं, आणि कळल्यावर तिच्याजवळ बसायला तीन आठवडे दिले. याहून जास्त मागायचा हक्क मला नाही. जे दिलं त्याबद्दल रोज हात जोडतो. शनिवारी आता भाकर मी लाटतो. ती चामड्यासारखी होते, पण मंडळी निमूट चावते.

टब अजून आहे, वासही आहे. नवा कोणी त्यात उतरायच्या आधी मला हटकून विचारतो, काका, तुमच्या वेळी खाडीत पाणी किती होतं? घोट्याएवढं, मी सांगतो. पुरलं.