तेगारच्या पाठीवरचे लाल पट्टे

त्या वर्षी आमच्या कारांगवुंगूत अशी कुजबूज होती की, हाजी बासुनींनी यू सुमिराला एक बोकड दिला आणि त्या बदल्यात तिनं तेगारची पाठ अशी काही घासून ठेवली, की पोराला देशाच्या संघात जाताच येऊ नये. बोकड काळा होता आणि त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, इतका तपशीलसुद्धा लोकांकडे होता. बू रोमलाच्या कॉफीच्या टपरीवर ही बातमी माझ्यापर्यंत पोचली तोवर एका बोकडाचे दोन झाले होते. अजून एक कप कॉफी झाली असती तर कळप झाला असता.

आमच्याकडे यू म्हणजे थोरली बहीण, चाक म्हणजे थोरला भाऊ आणि बू म्हणजे बाई. सुमिरा अख्ख्या गावाची यू. तिच्यापेक्षा वयानं मोठा असलेला मीसुद्धा तिला यूच म्हणतो, आणि ती मला "चाक मुंजिर, दाढी पिकली, आता तरी लाज धर" असं म्हणते. नवरा मासेमारीसाठी म्हणून समुद्रापलीकडच्या कालिमांतानला गेला तो तिकडचाच झाला. तिकडे त्याची दुसरी बायको शिवणकाम करते, हे आम्हाला कळलं तेव्हा आम्ही फार जपून, दबकत यू सुमिराला सांगायला गेलो. ती एका बाळंतिणीचं अंग चोळत होती. मान वर न करता म्हणाली, "शिवणकाम करते ना? बरं झालं. त्याच्या सगळ्या पँटी फाटक्या होत्या."

तिचा धंदा अंग रगडायचा. गावातली निम्मी पोरं जन्मल्याबरोबर तिच्या हाताखालून गेली. तीच पोरं मोठी झाली, सेगारा जया क्लबात फुटबॉल खेळू लागली आणि दुखऱ्या पोटऱ्या घेऊन पुन्हा तिच्याच चटईवर आली. रगडताना ती बोलत राहते, आणि आडवा पडलेला माणूस पळून जाऊ शकत नाही. म्हणून गावातल्या सगळ्या बातम्या तिच्याकडे असतात. खरं तर बातम्या फिरवायचा आमचा दोघांचा धंदा एकच, फक्त ती हात वापरते.

पण तिचं खरं नाव झालं ते पाठ घासण्यानं. आमच्याकडे माणूस पंख्याखाली झोपला, पावसात मोटरसायकलवर फिरला, रात्री होडीवर राहिला, की त्याच्या अंगात वारं शिरतं. मग पाठीला तेल लावायचं आणि जुन्या नाण्याच्या कडेनं मणक्यापासून बरगड्यांकडे ओढायचं. लाल पट्टे उठतात. जितके लाल, तितकं वारं जास्त. यू सुमिराच्या हातानं उठलेले पट्टे नुसते लाल नसायचे, जांभळे असायचे. ती फोनवर पाठीचा फोटो काढून पेशंटला दाखवायची. "बघ! काय साठवून ठेवलं होतंस आत! परवा आला असतास तर मी तरी काय करणार होते?" आपण मरणाच्या दारातून परत आलो, अशा आनंदात माणूस घरी जायचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना शर्ट वर करून पाठ दाखवत हिंडायचा.

मग कोरोना आला. लोक एकमेकांकडे बघायलासुद्धा घाबरू लागले, तिथे पाठ कोण उघडी करतोय? तेगारचा बाप त्याच लाटेत गेला. इस्पितळात नेला तो परत घरी आलाच नाही. मातीसुद्धा परक्या माणसांनी दिली, तीही प्लास्टिकचे कपडे घालून. तेगारची आई, बू वारसी, तेव्हापासून रुग्णवाहिकेचा आवाज आला की दार लावून घ्यायची.

आणि तेगार? वीस वर्षांचा, काटकुळा, डावीकडून असा धावायचा की समोरचा बचावपटू चेंडू शोधत राहायचा. फुटबॉल पुन्हा सुरू झाला तो विचित्र रीतीनं. सगळे क्लब एका लांबच्या शहरात हॉटेलात कोंडायचे, तिथेच सामने, तिथेच झोपणं, बाहेरच्याला आत बंदी. त्याला ते लोक 'फुगा' म्हणत. आमचा क्लब दोन आठवड्यांनी फुग्यात जायचा होता, तळाच्या जागेवर बसून. खालच्या श्रेणीत घसरलो असतो तर पुढच्या वर्षी मैदानावर मासळीच वाळत घालावी लागली असती. आणि नेमकं तेव्हाच देशाच्या संघाचं बोलावणं आलं, तेगारला.

हाजी बासुनी क्लबचे मालक. मिठागरं त्यांची, चार होड्या त्यांच्या. सगळे त्यांना अबा म्हणतात. अबांचं म्हणणं साधं होतं. पोरगा राजधानीत गेला की आधी तिकडे कोंडून ठेवणार, मग परदेशात खेळवणार, परत आला की पुन्हा कोंडणार, आणि आमच्या फुग्यात यायचं तर आणखी एकदा कोंडणार. "तोवर माझा क्लब बुडून वर तरंगायला लागेल!" म्हणून त्यांनी पहिल्या बोलावण्याला उत्तर दिलं की तेगार होडीवर गेला आहे, समुद्रात फोन लागत नाही. दुसऱ्याला उत्तर दिलं की त्याचं लग्न आहे. राजधानीवाल्यांनी अभिनंदन कळवलं आणि नवरीचा फोटो मागितला.

तिसऱ्या वेळेला माणूसच आला. पाक हेंद्रो, म्हणजे हेंद्रोसाहेब, देशाच्या संघाचे व्यवस्थापक, पांढऱ्या गाडीतून, सोबत एक नर्स. तिनं क्लबच्या फाटकापाशी तेगारच्या नाकात काडी घातली. चाचणी स्वच्छ आली. आता पोरगा बॅग उचलणार आणि गाडीत बसणार, इतकंच राहिलं होतं. फाटकाबाहेर निम्मं गाव अंतर ठेवून उभं होतं, म्हणजे सुरुवातीला अंतर ठेवून, नंतर एकमेकांच्या खांद्यावर. बू वारसी शिदोरीचा डबा धरून उभी होती. यू सुमिरा तिच्या शेजारी. अबा फाटकात खुर्ची टाकून बसले होते.

नर्स म्हणाली, "शर्ट काढ, छाती तपासते."

तेगारनं शर्ट काढला आणि वळला. पाठ नव्हतीच ती, वाघ होता. मानेपासून कमरेपर्यंत जांभळे पट्टे.

अबांच्या चेहऱ्यावर ईद आली. "बघा! बघा हो पाक हेंद्रो! पोराच्या अंगात वारं शिरलंय. काल रात्री आजारी होता. म्हणजे ताप. म्हणजे काय ते मी बोलत नाही, माझ्या तोंडानं अभद्र नको. पण असा पोरगा देशाच्या संघात पाठवायचा? सगळा संघ झोपेल!"

"चाचणी स्वच्छ आहे, अबा."

"काडीला काय कळतं? पाठ खोटं बोलत नाही!"

पाक हेंद्रो शेजारच्या जोमबांगचे. म्हणजे आमच्यातलेच, त्यांना मूर्ख बनवणं अवघड. ते म्हणाले, "होडी झाली, लग्न झालं, आता पाठ. अबा, पुढच्या वेळी पोरगा बाळंत झाला म्हणून कळवाल. हे पट्टे तुम्ही मुद्दाम ओढून घेतलेत."

"मी? मी मक्केला जाऊन आलेला माणूस!"

"मग कुणी घासली रे पाठ?"

तेगार खाली बघत म्हणाला, "यू सुमिरानं."

"का?"

पोरगा गप्प. यू सुमिराकडे सगळ्यांनी मान वळवली, तर तीही गप्प. आता, जी बाई बाळंतपणात बाळंतिणीपेक्षा जास्त बोलते ती गप्प बसली, म्हटल्यावर गर्दीला हवं ते मिळालं. मागून कुणीतरी म्हणालं, "तिच्या परसात कालपासून एक बोकड बांधलाय." झालं.

नर्सनं गाडीचं दार लोटून घेतलं. पाक हेंद्रोंनी घड्याळ बघितलं. म्हणाले, "संध्याकाळच्या विमानाचं तिकीट आहे. डावीकडून धावणारा दुसरा एक पोरगा बांडुंगमध्ये तयार बसलाय. मला निर्णय घ्यावा लागेल." बू वारसी डबा घेऊन दोन पावलं पुढे आली. तेगार शर्ट हातात घेऊन तसाच उघडा उभा, आता रडेल की मग रडेल अशा तोंडानं.

पाक हेंद्रो शेवटचं बोलले. "अबा, धडधाकट माणसाची पाठ घासली तरी लाल होते. तुम्हालाही माहीत आहे."

"काय माहीत आहे?" अबा खुर्चीवरून उठले. "पन्नास वर्षं पाठी बघतोय मी! वारं असेल तरच लाल होते. मी ठणठणीत आहे, घासा माझी! माझी लाल झाली तर पोरगा तुमचा, मी चकार शब्द काढणार नाही. बोला!"

आणि अबांनी सगळ्या गावासमोर शर्ट काढला. पोट आधी बाहेर आलं, मग अबा. ते खुर्चीवर उलटे बसले, पाठ गर्दीकडे, आणि खांद्यावरून यू सुमिराकडे अशी नजर टाकली की काय सांगू. क्लबातलं तिचं काम अबांच्या शब्दावर चालायचं. हलक्या हातानं घास, इतकंच त्या नजरेत होतं. नाणं नुसतं फिरवलं, पट्टे उठले नाहीत, की विषय संपला. वर तिचंही नाव राहिलं असतं, की बघा, ज्याला वारं नाही त्याला काही होत नाही.

यू सुमिरानं कमरेच्या गाठीतून नाणं काढलं. बू रोमलानं टपरीतून तेल आणून दिलं. यू एकदा तेगारकडे बघून पुढे आली.

पहिलाच फराटा असा होता की अबांनी अल्लाचं नाव घेतलं. दुसऱ्याला आईचं घेतलं. "अगं, हळू! माणूस आहे मी, मासा नाही!"

"हलू नका अबा. तुम्हीच म्हणालात ना, पाठ खोटं बोलत नाही?"

ती थांबली तेव्हा अबांची पाठ उकडलेल्या झिंग्यासारखी झाली होती. मग यू सुमिरा वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "कुणाचीही होते. जोर लावला की कुणाचीही होते."

आता हे वाक्य काय होतं ते तुम्हाला कळायला हवं. ह्या बाईनं आयुष्यभर पाठींचे रंग दाखवून भात शिजवला होता. भर गावात तिनं तो रंगच पुसून टाकला.

गावातल्या म्हाताऱ्या सालेहाची सून पुढे आली. "म्हणजे? माझ्या सासूबाईंना तू तीन वर्षं जांभळं केलंस ते काय होतं?"

"बरं वाटायचं ना त्यांना?"

"वाटायचं."

"मग?"

पाक हेंद्रो इतके हसले की मास्क ओला झाला. नर्स म्हणाली, "अबांच्या हिशेबानं अबांनाही वारं शिरलंय. त्यांनाही कोंडून ठेवायला हवं." अबांनी शर्ट चढवला, उलटा. पण एक सांगतो, शब्दाला पक्का माणूस. पुटपुटत म्हणाले, "न्या. पण पाय मोडून परत आणलात तर मिठागरात पुरीन एकेकाला." मग तेगारच्या डोक्यावर टपली मारली. "आणि तू! तिकडे जाऊन चेंडू मागे देत बसू नकोस. आमचं नाव आहे."

तेगारनं आईच्या पायाला हात लावला, डबा घेतला आणि गाडीत चढला. बू वारसी रडली, पण त्या वर्षी आम्ही जे रडणं बघितलं होतं त्यातलं हे नव्हतं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि तिनं इतका मोठा श्वास सोडला की शेजारचा कोंबडा बाजूला झाला.

राजधानीत तेगारची पुन्हा चाचणी झाली, दोनदा. दोन्ही स्वच्छ. स्पर्धेत तो एकदा उतरला, शेवटच्या वीसेक मिनिटांसाठी, आणि डावीकडून दिलेल्या एका चेंडूवर गोल झाला. बू रोमलाच्या टपरीवर सगळ्यांत मोठ्यानं ओरडले ते अबा. म्हणे, मीच पाठवला. आणि क्लब? तेगार नव्हता, तर राखीव पोरं उतरली, पडत धडपडत दोन सामने जिंकली, आणि आम्ही जेमतेम वर राहिलो. मासळी अजून दुसरीकडेच वाळते.

यू सुमिराकडे आठवडाभर कुणी फिरकलं नाही. ती अंगणात बसून शेंगा सोलायची आणि मला म्हणायची, "चाक मुंजिर, तुझ्या तोंडालाच नाणं लावायला हवं." मग एका सकाळी तिच्या दारात अबा हाजी बासुनी हजर. म्हणाले, "त्या दिवसापासून खांदा मोकळा झालाय. दुसरा राहिलाय." ते आत जाताना चार जणांनी बघितलं आणि दुपारपर्यंत पायरीवर चपलांची रांग लागली. फोटो मात्र ती आता काढत नाही. लोकच काढतात.

आता त्या कुजबुजीचं. बोकड यू सुमिराच्या भाच्याचा होता. त्याच्या घराचं कुंपण पडलं म्हणून दोन दिवस तिच्या परसात बांधला होता. हाजी बासुनींनी तिला काही दिलं नव्हतं, काही सांगितलंही नव्हतं. आदल्या संध्याकाळी तेगार पंख्यासमोर झोपून उठला आणि दोनदा शिंकला. चाचणीत पोरगा अडकेल, बापासारखा त्यालाही नेतील, ह्या भीतीनं बू वारसीनं यू सुमिराला बोलावलं. तिनं पाठ घासली. शिंकेचं नाव त्या वर्षी कुणी मोठ्यानं घेत नसे, म्हणून तिघंही गप्प राहिले.