शिक्का यूनताईचा

"फोडलंस? तू ते पाकीट फोडलंस?"

"अगं, भूक लागली होती. सकाळपासून पोटात काही नाही."

"समोर दूधमाशाच्या पेजेची गाडी आहे. फ्रीजमध्ये टोफू आहे. आणि तुला यंत्रावरचं पाकीट दिसलं?"

"दुसरं आणून ठेवतो, बाई. चार आणतो. झालं?"

"श्वेजांग, चालू यंत्रावरचं पाकीट कुणी खातं का?"

यूनताईच्या या प्रश्नावर थांग यौ-छेंगने बोटाला चिकटलेला चुरा पँटला पुसला आणि माझ्याकडे बघून हसला. मी वरच्या मजल्यावरची भाडेकरू, चहा प्यायला खाली आलेली. मी हसले नाही. ताइनानमध्येच काय, सगळ्या तैवानात शाळकरी पोरालाही विचारा. नारळाच्या चवीच्या मक्याच्या खाऊचं ते हिरवं पाकीट. त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'शहाण्यासारखं वाग'. बँक असो, इस्पितळ असो, यंत्र चालू आहे तोवर ते डोक्यावर ठेवायचं. पिवळं चालत नाही, मुदत उलटलेलं चालत नाही. आणि खाणं तर दूरच. यंत्र रुसतं. यूनताईला पहिलं पाकीट आणून दिलं होतं तेही यानेच.

यूनताई म्हणजे कुओ पी-यून. गल्लीत शिक्के कोरायचं दुकान, वडिलांचं. लाकडात, दगडात, शिंगात लोकांची नावं उलटी कोरायची. घर घ्या, लग्न करा, पार्सल सोडवा, नावाचा शिक्का लागतोच. वडिलांचा एक दंडक होता. गिऱ्हाइकाच्या शिक्क्याची जोडप्रत करायची नाही. "हरवला तर?" म्हणून कुणी मागितली, तर म्हातारा म्हणायचा, "हरवला तर नवा कर आणि जुना मेला म्हणून सगळ्यांना सांग."

दुकानाच्या मागच्या खोलीत, शिसवीच्या ठोकळ्यांच्या पलीकडे, ताईचं यंत्र. पर्ल भाषेत प्रोग्राम लिहिणारे लोक जगभर आपापली मॉड्यूलं, म्हणजे प्रोग्रामचे सुटे भाग, लिहून सोडून देतात, पण कच्ची. ती आपल्या कॉम्प्युटरवर बांधून घेणं हे भल्याभल्यांच्या जिवावर येतं. ताईचं यंत्र नवीन मॉड्यूल आलं की स्वतःच उचलायचं, प्रत्येक जातीच्या कॉम्प्युटरसाठी वेगळं बांधायचं, तपासायचं, ताईचा इलेक्ट्रॉनिक शिक्का मारायचं आणि वाटपाच्या साठ्यावर पाठवून द्यायचं. तो साठा यौ-छेंग सांभाळायचा. लोक तिथून तयार माल उतरवून घ्यायचे. शिक्का ताईचा दिसला की त्यांचे कॉम्प्युटर निमूट आत घ्यायचे. फुकट. कॉलेजात दोघांनी मिळून सुरू केलेलं काम. तो एक वर्ष पुढे, म्हणून ती त्याची आ-यून आणि तो तिचा श्वेजांग, वरच्या वर्गातला दादा. केस पिकले तरी ती हाक तिने सोडली नाही.

एखादं मॉड्यूल बांधताना मोडलं की ताई कोरणी खाली ठेवायची आणि मागे जायची. गिऱ्हाईक ताटकळायचं. "कुठे गेल्या?" "गेल्या लेकराला बघायला," मी सांगायचे. बहिणीने जपानची सहल ठरवली, हिने शेवटच्या घटकेला नाही म्हटलं. कारण काय, तर पर्लची नवी आवृत्ती येतेय.

तर ती आता यंत्राकडे बघत होती. हिरवा दिवा लुकलुकत होता.

"श्वेजांग, हे यंत्र बंद आहे का?"

"बंद कुठे? दिवा जळतोय की."

"दिवा मलाही दिसतो. तू चालू यंत्रावरचं खाणाऱ्यातला नाहीस. तुला मी ओळखते. मरशील, पण खाणार नाहीस."

तो पाकिटाचं तोंड उगाच दुमडत राहिला.

"बोल."

"चालू आहे, आ-यून. बांधतं, पाठवतं, तुला पोचही येते. फक्त... ते पुढे जात नाही."

"कुठे पुढे?"

"लोकांपर्यंत. साठ्यात आता एका मोठ्या कंपनीच्या यंत्रांवरचा माल जातो. त्यांची शेकड्याने यंत्रं आहेत गं. तुझ्या या डब्याला दिवस लागतो ते तिथे चहा होईस्तोवर होतं."

"कधीपासून?"

"ड्रॅगनबोटच्या सणापासून."

तो सण उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. आता बाहेर लोक स्वेटर घालून फिरत होते.

"म्हणजे सबंध उन्हाळा मी मोडलेली मॉड्यूलं दुरुस्त करत होते ती..."

"तुला वाईट वाटलं असतं. म्हणून म्हटलं चालू राहू दे."

"लहान पोराच्या हातात बंद पडलेला फोन देतात, तसं? घे बाळ, बोल आजीशी?"

"मला तिथे नोकरी मिळाली, आ-यून. या वयात कोण देतं? त्यांना साठा हवा होता. मी दिला. माझाही होता तो."

"होता. साठा तुझाही होता." ताईचा आवाज अचानक बारीक झाला. "पण परवा मी भाच्याच्या कॉम्प्युटरवर माल उतरवला, त्याच्यावर शिक्का माझा होता. म्हणून तर मला कळलं नाही. तो कुणी मारला?"

आता तो उभा राहिला. "हे बघ..."

"पित्ताशयाच्या ऑपरेशनला जाताना, स्ट्रेचरवरून, मी तुला या शिक्क्याची प्रत दिली. मी उठले नाही तर म्हणून. मी उठले ना? घरी आले ना? तूच आणलंस ना टॅक्सीने?"

"लोक तुझ्याच शिक्क्यावर भरवसा ठेवतात. कंपनीचा नवा शिक्का कोण घेणार होतं? तुझंच नाव मोठं झालं की त्याने!"

"मी न पाहिलेल्या मालावर?"

"माल चांगला आहे!"

"असेलही. मी पाहिलाय का, थांग यौ-छेंग?"

पूर्ण नाव. मी कप खाली ठेवला. त्यालाही ते लागलं असावं, कारण तो परत स्टुलावर बसला.

ताई कीबोर्डपाशी गेली. शिक्का तयार करतानाच तिने तो रद्द करून कायमचा मारून टाकायची आज्ञाही बनवून ठेवली होती. बापाची लेक. आधी एक सूचना लिहिली, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचली, जशी गिऱ्हाइकाला नावाची अक्षरं वाचून दाखवते तशी: "ड्रॅगनबोटच्या सणापासून माझ्या शिक्क्याखाली जे गेलं, ते मी बांधलेलं नाही. हा शिक्का आजपासून मेला समजा. कुओ पी-यून."

"आ-यून, थांब. शाळा आहेत, दवाखाने आहेत. उद्या सगळ्यांचे कॉम्प्युटर माल नाकारतील. त्या लोकांचं काय चुकलं?"

"काही नाही."

"मग?"

"त्यांना वाटतं मी बघितलंय."

"एक महिना दे. मी त्यांना समजावतो, नवा शिक्का करतो, हळूहळू बदलू."

"त्या सणापासून तुझ्याकडे वेळ होता."

तिने बटण दाबलं. त्यात नाट्य असं काही नव्हतं. पडद्यावर एक ओळ आली, बस. ताई ती बघत राहिली. आपलंच नाव आपल्या हाताने घासून टाकायचं, हे मी त्या दुकानात कधी पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने यौ-छेंगचा फोन वाजला. थांबला, पुन्हा वाजला. कंपनीच्या यंत्रांनी स्वतःच तक्रार केली असणार. त्याने फोन उचलला नाही, तळहातावर धरून ठेवला.

"आ-यून, त्यांना मी काय सांगू?"

ताईने एप्रन सोडून खुंटीला लावला. स्कूटरची किल्ली घेतली, हेल्मेट घेतलं.

"आ-यून? अगं, तूच सांग ना, काय सांगू मी त्यांना?"

हेल्मेटचा पट्टा लावत, यंत्राकडे वळूनही न बघता, ती त्याच्या स्टुलाला वळसा घालून बाहेर पडली.