छत्तिसावा फोटो

चहाला अजून अवकाश आहे. मागच्या पडवीत आरामखुर्चीत मी पडले आहे, डोळा लागतोय न लागतोय अशा बेतात. मांडीवर ह्यांचा कॅमेरा. त्याच्या इवल्याशा काचेत पस्तीसचा आकडा आहे. हे जाऊन चौदा महिने झाले. रोल छत्तीस फोटोंचा, आणि उरलेला एक मी जपून ठेवलाय. तो काढला की ह्यांचं शेवटचं कामही संपलं.

"कुंदा, ऊठ. गिऱ्हाईक आलंय," हे म्हणतात.

पडवी म्हणजे बाजारपेठेतला आमचा स्टुडिओच आहे. मागे धबधब्याचा रंगवलेला पडदा, आणि पासपोर्टच्या स्टुलावर मोरीकडचं अळू बसलंय. चिखलासकट.

"अहो, जास्वंद घेऊ या ना. आज सात फुलं आलीत."

"तिला आपण सुंदर दिसतो हे माहीत आहे. बघ, आधीच पोज देऊन उभी आहे."

"पण हे खरकट्या पाण्यावर वाढलंय."

"म्हणून तर कुणी कधी वळून पाहिलं नाही. ये, इकडून बघ."

हे पडदा सारतात. मागे आमचीच बाग आहे आणि ऊन थेट पानातून येतंय. देठापासून कडेपर्यंत एकेक शीर उजळत जाते. पाण्याचा एक थेंब पानाच्या मधोमध अंग चोरून बसलाय. इतकी वर्षं मी ह्याचं फदफदं केलं, वड्या केल्या, पण पान उन्हासमोर धरून कधी पाहिलं नाही. मला फार बरं वाटतं.

"हनुवटी जरा खाली," हे अळूला सांगतात, जन्मभर सगळ्यांना सांगितलं तसं. अळू निमूट ऐकतं.

"हं, दाब आता."

"नको. रोल संपेल."

"संपल्याशिवाय धुवायला कसा देणार? पस्तीस फोटो आत अडकून पडलेत."

"कशाचे काढलेत एवढे? मला बोलला नाहीत कधी."

"बोललो असतो तर झाडांना पाणी घालायचं सोडून पदर सारखा करत बसली असतीस."

मी ह्यांच्याकडे बघतच राहते. मग कॅमेरा डोळ्याला लावते.

"हलू नका," मी म्हणते. अळू श्वास रोखतं. हेही रोखतात.

जाग येते तेव्हा ऊन पायरीवर उतरलेलं असतं. मोरीकडचं अळू आपल्या जागी आहे. माझा हात आपोआप पदराकडे जातो आणि मला हसू येतं.

कॅमेऱ्याच्या काचेत छत्तीस आहे. चहा राहू दे, आधी रोल धुवायला देऊन येते.