आखाजीचा सिलिंडर

एसी दुरुस्त करणारा माणूस खांद्यावर सिलिंडर घेऊन दारात उभा राहिला, की बमरोलीची ती दुपार मला अजून आठवते. नोकरीत खून, दरोडे, फसवणुकी सगळं पाहिलं, पण नातवंडांनी फोनवर विचारलं, "आजी, तुझी सगळ्यात अवघड केस कोणती?" तेव्हा तोंडात हीच आली. फोनवर नीट सांगता आली नाही, म्हणून लिहिते. नावं कुणाचीच देणार नाही. एक भाऊ, त्याची बहीण आणि बहिणीचा नवरा, एवढी तीन माणसं लक्षात ठेवली की पुरे.

मी तेव्हा सुरतेत पोलीस इन्स्पेक्टर होते. आखाजीचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेचा, दुसरा दिवस. भर दुपारी वर्दी आली की बमरोलीत एका चाळीसमोर उभ्या व्हॅनमध्ये स्फोट झालाय, एक जण जखमी आहे. पोहोचले तेव्हा व्हॅनचं मागचं दार समोरच्या भिंतीपाशी पडलं होतं आणि टप डब्याच्या झाकणासारखा वर वळला होता. जखमी माणूस एसी दुरुस्तीचा धंदा करणारा, म्हणजे आपल्या गोष्टीतला नवरा. हत्यारं काढायला मागचं दार उघडत असतानाच ते त्याच्या अंगावर आलं. त्याला दवाखान्यात हलवलं होतं.

माझे जमादार गुजराती, अनुभवी. ते म्हणाले, "मॅडम, आ बॉम्ब छे के शुं?"

"जळाल्याचा वास येतोय का तुम्हाला?"

त्यांनी हुंगून पाहिलं. "ना."

काजळी नव्हती, व्हॅनमधली गोणपाटंसुद्धा जळली नव्हती. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या हाताची कातडी भाजल्यासारखी दिसते, पण ती गारठून पांढरी पडली आहे. डाव्या डोळ्याची खात्री नव्हती, आणि जबाब घ्यायला त्यांनी अजून परवानगी दिली नाही. फुटला होता तो एसीत भरायच्या गॅसचा सिलिंडर. पंचनाम्यात आम्ही त्याचे तुकडे गोळा केले. एका तुकड्यावर लाल डाग होते. जमादारांनी लिहून घेतलं, 'रक्ताचे डाग'. मीही सही केली.

संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "अपघात नाही तो. त्याच्या साल्याने धमकी दिली होती, सगळ्या चाळीने ऐकलंय."

चाळीत चौकशी केली, तर गोष्ट खरी निघाली. ही माणसं खानदेशातली. आखाजीला लेकीने माहेरी जायचं, झोके घ्यायचे, गाणी म्हणायची, हा त्यांचा मोठा सण. सणाच्या आधी भाऊ बहिणीला न्यायला आला होता आणि नवऱ्याने नाही म्हटलं होतं. सीझन होता, दोन कारागीर घरी जेवायला, गिऱ्हाइकांचे फोन तिनेच घ्यायचे. भाऊ दारातूनच परत फिरला आणि जाताना सगळ्यांसमोर बोलला, "पुढच्या वेळी तिला न्यायला येईन ना दाजी, तेव्हा तुमचा धंदा बंद पडलेला असेल."

भावाचा धंदा सुरतेबाहेर चलथाणजवळ हायवेवर, एसीचा गॅस भरून विकण्याचा. धमकी, कारण आणि साधन, तिन्ही एकाच माणसाकडे. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लावायला एवढं पुरेसं होतं. वरूनही विचारणा होत होती, अटक कधी दाखवता म्हणून.

भावाला बोलावून घेतलं. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. खुर्चीच्या काठावर बसला.

"सिलिंडर तू दिलास?"

"नाही मॅडम. माझा नाहीच तो."

"सणाच्या दिवशी तू त्यांच्या घरी गेला होतास."

"मिठाई द्यायला."

"कुठली मिठाई?"

त्याने रुमाल काढून मान पुसली. खोटं बोलणारी माणसं मोठं खोटं आधी तयार करून येतात. लहान प्रश्नाला अडतात. हा खोटं बोलतोय हे मला कळत होतं. पण घाबरलेला आणि गुन्हेगार, दोघंही सारखंच खोटं बोलतात. तिथे घाई केली की निरपराध माणूस आत जातो.

बाहेर बाकावर बहीण येऊन बसली होती. दवाखान्यातून थेट आलेली, हातात नवऱ्याच्या चपला. तिकडे नवऱ्याचा डोळा जाणार की राहणार याची वाट पाहायची आणि इथे भाऊ तुरुंगात जाणार की नाही याची. पाणी दिलं तर नको म्हणाली. मग अहिराणीतून म्हणाली, "मना भाऊ तसा नही शे, माय." तिला वाटलं असावं, वर्दीतल्या बाईला कळणार नाही. माझ्या आईचं माहेर धुळ्याकडचं; मला ते नीट कळलं. पण 'माझा भाऊ तसा नाही' हा काही पुरावा नव्हे. हे मी किती बहिणींच्या तोंडून ऐकलं असेल.

दुसऱ्या दिवशी फॉरेन्सिकचे साहेब तुकडे न्यायला आले. टेबलावर कागद पसरून मी त्यांना एकेक दाखवत होते. लाल डागाचा तुकडा हातात घेतला आणि पहिल्यांदा नीट पाहिला. ते डाग उडालेले नव्हते, ओढलेले होते. पाच रेघा, शेजारी शेजारी, आणि कडेला पिवळं काहीतरी. आईला मी दर आखाजीला पितरांसाठी पाण्याने काठोकाठ भरलेल्या घागरीवर अशीच बोटं ओढताना पाहिलं होतं. ते रक्त नव्हतं. हळदकुंकू होतं.

पाठोपाठ हायवेवरच्या पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्याचं चित्र आलं. सणाची सकाळ. भाऊ स्कूटर चालवतोय, मागे त्याची बायको, आणि तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला सिलिंडर, तान्हं मूल घ्यावं तसा धरलेला. फुटणार हे ठाऊक असलेला माणूस तो आपल्या बायकोच्या मांडीवर ठेवेल?

भावासमोर मी तो तुकडा ठेवला. "कुंकू कोणी लावलं?"

त्याचे खांदे खाली आले. "बायकोने."

मग सगळं बाहेर आलं. दारातल्या बोलण्याचा त्याला त्याच रात्री पस्तावा झाला होता. बहीण घागर भरायला माहेरी येत नाही, तर आपणच काहीतरी भरून न्यावं, असं त्याच्या मनात आलं. सीझनमध्ये दाजींना गॅसच लागतो. एकदा वापरून टाकून द्यायचा पातळ पत्र्याचा सिलिंडर त्याने घेतला, जो पुन्हा भरायला कायद्याने मनाई आहे. त्याची तोटी काढून दुसरी बसवली. मूळ तोटीबरोबर दाब सोडणारी सोयही गेली. जास्त मावावा म्हणून बर्फाच्या टबात ठेवून भरला. मनाईचं काम केलेलं, म्हणून पोलिसांपुढे नाकबूल झाला.

"वजन करून नाही पाहिलंस?"

"सणाच्या वस्तूचं वजन काय करायचं मॅडम? सणले अर्धी घागर कोन देस?"

फॉरेन्सिकचे साहेब शेजारीच होते. त्यांनी त्याला शांतपणे समजावलं. सिलिंडरमध्ये हा गॅस बराचसा पातळ रूपात असतो. ऊन लागलं की तो फुगतो. वर मोकळी जागा असेल तर फुगायला वाव मिळतो. नसेल तर दाब एकदम वाढतो आणि पत्रा फाटतो. बंद व्हॅन भर दुपारी भट्टीच असते.

मला दुसरीच काळजी लागली. "असे किती लोकांना भरून दिलेस? ते कधी फुटतील?"

"ते नाही फुटणार."

"कशावरून?"

"गिऱ्हाइकाला मी कमीच भरतो मॅडम. थोडं मारतोच, सगळेच मारतात. काठोकाठ फक्त घरच्या माणसाला भरला."

जमादार तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागले.

खुनाच्या प्रयत्नाचं कलम मी लावलं नाही. वरिष्ठांसमोर तुकडा आणि चित्र दोन्ही ठेवलं. हयगय आणि परवाना नसताना गॅस भरणं, एवढ्यावर आरोपपत्र गेलं. त्याचं दुकान सील केलं, पत्र्याच्या छपराखाली रचलेले सिलिंडर ताब्यात घेतले. नवऱ्याची डाव्या डोळ्याची नजर अर्धीच परत आली. जबाबात तो एवढंच बोलला, "साल्याला सोडा मॅडम. इतका भरलेला सिलिंडर मला आजपर्यंत कुणी दिला नव्हता."

या केसने मला एक शिकवलं. वाईट हेतू शोधायची आम्हाला सवय असते आणि तो बहुतेक वेळा सापडतोही. पण माणसं प्रेमानेही तितकीच इजा करतात, आणि तेव्हा पुरावा हुबेहूब वैरासारखा दिसतो. फरक एखाद्या तुकड्यावर असतो; तो उजेडात धरून पाहावा लागतो. मी सही आधी केली आणि पाहिलं नंतर. त्यानंतर कधी तसं केलं नाही.

आणि नातवंडांनो, तुमच्या घरी कुणी असा सिलिंडर आणला, तर तो सावलीत, उभा, हवा खेळती असेल तिथे ठेवायला सांगा. बंद गाडीत नको.

पुढच्या आखाजीला बहिणीने मला घरी बोलावलं. भाऊ जामिनावर होता. तोच तिला न्यायला आला होता, आणि या वेळी काळा चष्मा लावलेला नवरा स्वतः तिची पिशवी उचलून उभा होता. निघण्याआधी तिने तिथेच घागर भरली. चार बोटं रिकामी ठेवून तांब्या खाली ठेवला.

भाऊ हळूच म्हणाला, "ताई, पितर नाराज होतील."

"होऊ देत," ती म्हणाली आणि घागरीवर कुंकवाची बोटं ओढली. "ते समजून घेतील. रुसून आता जाणार तरी कुठे."

नवरा आधी हसला. मग भाऊही.