हॉलमधल्या येरझारा

मी हट्टी आहे हे माझ्या बायकोचं मत आहे, आणि ते खरं आहे. गेली सोळा वर्षं मी बहारीनमध्ये लोकांच्या घरी इंटरनेटच्या वायरी ओढतो आणि कॅमेरे बसवतो. बंद लाइनचा दोष सापडेपर्यंत मी जेवणाचा डबा उघडत नाही, हे माझ्याबरोबर काम करणारा कुणीही सांगेल. त्यामुळे माझ्याच घरात, हूरा भागातल्या एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, माझी मुलगी गेम खेळता खेळता रोज सर्व्हरवरून बाहेर फेकली जायला लागली तेव्हा मला ती माझी बेअब्रू वाटली.

पण नुसती अब्रू असती तर मी एवढा पेटलो नसतो. ती खेळायची तिच्या दादाबरोबर. दादा पुण्याला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर. आमच्याकडे सहा वाजले की तिकडे साडेआठ. तो मेसमधून जेवून आलेला असायचा आणि ही शाळेचा अभ्यास उरकून बेडरूममध्ये लॅपटॉप उघडून बसायची. तासभर दोघं मिळून कुठल्यातरी बेटावर गोळीबार करायची आणि मधल्या मधल्या वेळात गप्पा मारायची. त्याला ताप आला होता, मेसची भाजी पाणचट असते, त्याने केस वाढवलेत, हे सगळं आम्हाला त्या बेटावरून कळायचं. माझ्याशी त्याचं फोनवरचं बोलणं ठरलेलं होतं. "जयभीम. हो. ठीक आहे. ठेवतो."

त्याला कारण होतं. तो बारावीला असताना मी हॉलमध्ये त्याच्या टेबलासमोरच्या कपाटावर कॅमेरा बसवला होता. ड्यूटीवरून मोबाइलवर बघायचो, अभ्यास करतोय की टाइमपास. आमच्या घरात शिक्षण हा चेष्टेचा विषय नाही. माझ्या वडिलांनी गिरणीत तिसरी पाळी करून मला आयटीआय करवलं, मग माझ्या मुलाने पुढे जायलाच पाहिजे, असं माझं सरळ गणित. कॅमेरा कधी चालू आणि कधी बंद हे त्याला कळू नये म्हणून मी कॅमेऱ्याच्या बारक्या दिव्यावर काळी टेपही चिकटवली होती. मला तेव्हा ती हुशारी वाटली. एकदा मी भर दुपारी साइटवरून फोन करून ओरडलो, "पुस्तक उलटं धरलंय का?" त्या दिवशी त्याने खुर्ची फिरवली आणि परीक्षा होईपर्यंत कॅमेऱ्याकडे पाठ करून बसला. पास झाला, पुण्याला गेला. मी नवीन मोबाइल घेतला, त्यात कॅमेऱ्याचं ॲप काही टाकलं नाही. विषय खलास, असं मी समजलो.

आणि आता उरलेली ही एक तासाची लाइनही तुटायला लागली होती.

"पप्पा, इट हॅपन्ड अगेन," बेडरूममधून आवाज यायचा. मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. पडद्यावर ठरलेली पाटी: सर्व्हरशी संपर्क तुटला.

मी तिला समजावलं होतं. तुझा लॅपटॉप क्षणाक्षणाला सर्व्हरला एक बारीकसा निरोप पाठवत असतो, की मी आहे, मी इथे आहे. ते निरोप वाटेत अडकले की सर्व्हर थोडा वेळ वाट बघतो आणि मग तुझं नाव काढून टाकतो. त्याचा तुझ्यावर राग नसतो. तू इकडे बटणं दाबत असतेस, पण त्याच्या लेखी तू उठून गेलेली असतेस.

"बट आय ॲम हिअर," ती म्हणायची. तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि मला तेच सहन व्हायचं नाही.

मग मी मागे लागलो. राउटर एसीच्या पाण्याखालून हलवला. बिल्डिंगमधल्या शेजाऱ्यांच्या राउटरशी टक्कर होऊ नये म्हणून वायफायचं चॅनल बदललं. कंपनीशी भांडलो. टीव्ही बंद, बायकोचा मोबाइल बंद, माझाही बंद. सोफ्यावर बसून लाइन मोजली की ठणठणीत. उठलो, चार फेऱ्या मारल्या, की आत पोरीची किंकाळी. सर्वांत संताप कशाचा यायचा, तर मी ओव्हरटाइमला असलो की काही होत नसे. "व्हेन यू आर ऑन ड्यूटी इट्स फाइन," मुलगी म्हणाली, आणि तिची आई हसली.

"बसा ना जी एका जागी," ती म्हणाली. "काहून येरझारा घालून राहिले? तुमच्या फिरण्यानं नेट येते का?"

मी तिला म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही.

खरी गोष्ट मी तिला सांगितली नव्हती, आज लिहितो. मी फेऱ्या मारायचो त्या राउटरसाठी नव्हेच. हेडफोन घालून कान दुखतात म्हणून मुलगी स्पीकरवर खेळायची. बेडरूमच्या दारापाशी गेलं की पोराचा आवाज यायचा. हसायचा तो. माझ्याशी तो किती दिवसांत हसला नव्हता. दारात थांबलो तर त्याला चाहूल लागेल, म्हणून मी चालत राहायचो. दारापाशी जरा हळू, सोफ्यापाशी भरभर. दोन वाक्यं ऐकायची आणि परत फिरायचं.

एका बुधवारी मुलगी डोळे पुसत बाहेर आली. सारखी मध्येच गळते म्हणून त्यांची टीम रोज हरत होती. दादाने सांगितलं होतं की आता शुक्रवारी शेवटचं बघू. नाही जमलं तर तो हॉस्टेलच्या पोरांबरोबर खेळेल. तो काही रागावून बोलला नव्हता. पण एकदा त्याला दुसरे गडी मिळाले की हा तासही गेला, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी ठरवलं, शुक्रवारच्या आत दोष काढायचा म्हणजे काढायचा.

गुरुवारी जनाबियाला एका व्हिलात काम होतं. गेटवर कॅमेरा बसवला. आमच्यात बसवून झालं की चालून दाखवायची पद्धत आहे: एकाने कॅमेऱ्यासमोरून ये-जा करायची, दुसऱ्याने मोबाइलवर बघायचं की हालचाल पकडतोय का. माझा जोडीदार केरळचा, तो मोबाइल घेऊन सावलीत उभा राहिला. "चलो भाई, यल्ला!" मी चाललो. टिंग. परत फिरलो. टिंग. "रुको." थांबलो, टिंग नाही. "फिर चलो." टिंग.

मी तिथेच उन्हात उभा राहिलो. जोडीदार ओरडला, "क्या हुआ भाई, चक्कर आया?"

चक्करच आली होती. कपाटावरचा कॅमेरा मी कधी बंदच केला नव्हता. दिव्यावर टेप माझीच, त्यामुळे घरातली झाडून सगळी यंत्रं बंद करताना तो माझ्या नजरेला पडला नाही. राउटरला काय काय जोडलंय त्याची यादी गिऱ्हाइकाकडे मी पहिल्यांदा उघडतो. स्वतःच्या घरात कशाला, म्हणून उघडली नाही. कॅमेरा बिचारा नेमून दिलेलं काम करत होता. समोर कुणी हललं की चित्र काढायचं आणि वर, इंटरनेटवर पाठवायचं, तेही सगळ्यात भारी प्रतीचं, कारण पानावरची अक्षरंसुद्धा दिसावीत म्हणून मीच तशी लावून ठेवली होती. आमच्या राउटरची वर जाणारी वाट मुळातच अरुंद. ती माझ्या फेऱ्यांच्या चित्रांनी भरून जायची आणि पोरीचे निरोप मागे तुंबायचे. मी पोराचा आवाज ऐकायला उठायचो आणि माझ्याच पायांनी तो आवाज तोडायचो.

घरी आल्यावर स्टुलावर चढून कॅमेरा काढला. बायको खाली उभी होती. तिला सगळं सांगितलं, दारापाशी हळू चालण्याचंसुद्धा. वाटलं, आता टोमणा येईल. ती म्हणाली, "मले सांगून काय फायदा? त्याले सांगा."

शुक्रवारी सहा वाजता खेळ सुरू झाला. मी मुद्दाम हॉलमध्ये फेऱ्या मारल्या, मोजून वीस. लाइन हलली नाही. मोडकी गोष्ट दुरुस्त झाली की मी एरवी खूश होऊन चहा मागतो. त्या दिवशी मागितला नाही. सरळ बेडरूममध्ये गेलो, मुलीच्या शेजारी पलंगावर बसलो आणि म्हणालो, "दादाशी बोलायचंय मला." तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"अरे, तो हॉलमधला कॅमेरा चालूच होता," मी म्हणालो. "इतके दिवस. त्याच्यानंच तुमचा खेळ तुटत होता. मी तिथून चालायचो ना, म्हणून. तुझा आवाज ऐकायला यायचो दारापर्यंत. कॅमेरा काढला मी. बसवायलाच नको होता. चुकलं माझं."

पलीकडे काही नाही. मला वाटलं, लाइन तुटली. पडद्याकडे बघितलं, पाटी नव्हती. बेटावर आमची मुलगी आणि तिच्याजवळ तिचा भाऊ, दोघं नुसती उभी. सर्व्हर किती वेळ थांबतो मला ठाऊक होतं. मी त्याहून जास्त थांबायचं ठरवलं.

बऱ्याच वेळाने आवाज आला. "आता कुठे उभे आहात, पप्पा? दारात?"

"नाही. आत, पलंगावर. पण उठतो मी, तुम्ही खेळा. आता कितीही फिरलो तरी काही होत नाही."

"तरी बसा," तो म्हणाला.