सगळ्यांना होईल असा रेनकोट

भैयाजी गावंडे वस्तू विकत घेत नाहीत, निवडतात. या दोन्हींत काय फरक आहे ते ज्याला समजत नसेल त्यानं सावळझरीला येऊन त्यांच्या बायकोला, रुख्मिणीबाईंना विचारावं. मिक्सर निवडायला भैयाजींना दीड वर्ष लागलं, आणि तोवर बाई पाट्यावर वाटत होती. कूलर निवडून घरी आला तेव्हा मिरग लागून आठ दिवस झाले होते. वस्तू मात्र चांगल्या निघाल्या, हे भैयाजी स्वतःच सगळ्यांना सांगतात. दुसरं कोणी सांगत नाही.

सावळझरी आर्वीपासून सात किलोमीटर, रोहण्याच्या रस्त्यावर. भैयाजी आर्वीच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर मुनीम आहेत. कापसाचा हंगाम सरला की जिनिंग बंद आणि मुनीम मोकळा. मोकळा माणूस चार महिने घरात असला की घरातल्यांचे काय हाल होतात, ते ज्याच्या घरी असा माणूस आहे त्यालाच ठाऊक.

यंदा त्यांना रेनकोटाचा विषय मिळाला. त्यांची मुलगी आकांक्षा जूनपासून आर्वीत रक्त तपासायच्या एका खासगी लॅबमध्ये लागली होती. उपाशीपोटी रक्त द्यायला माणसं आठालाच येऊन बसतात, म्हणून तिथं आठ म्हणजे आठ. पहिले तीन महिने पारखायचे, आणि त्यात तीनदा उशीर झाला की नमस्कार, असं लॅबवाल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. सकाळची एसटी आर्वीला पोचते साडेआठला. म्हणून पोरगी सायकलनं जायची.

जुलैत झड लागली. एका हातात छत्री धरून सायकल चालवायची तर खड्डे त्या रस्त्यावर माणसाला सोडत नाहीत. अन् ओल्या कपड्यांत दिवसभर लोकांचं रक्त काढत उभं राहता येत नाही. पहिल्या दिवशी आकांक्षा बसथांब्याखाली पाऊस कमी व्हायची वाट पाहत थांबली आणि वीस मिनिटं उशिरा पोचली. चार दिवसांनी पुन्हा तेच झालं. दोन झाले, एक उरला.

त्या संध्याकाळी तिनं घरी सांगितलं, की उद्या येताना बाजारातून एक रेनकोट घेऊन येते. झालं. भैयाजी ताठ बसले. "तू घाई नको करू. तुले त्यातलं समजत नाई. मी पाहून राह्यलो ना," म्हणाले. आणि खरंच पाहू लागले.

मोबाईलवर त्यांनी रेनकोटाचे इतके व्हिडिओ पाहिले की रुख्मिणीबाईंना झोपेतही पाण्याचा आवाज येऊ लागला. पोंचो सायकलवर बरा, कारण पुढून हँडलही झाकतो, पण वारा शिरला की तो फुगतो, म्हणून पोंचो बाद. साध्या प्लास्टिकचा कोट आतून घामानं भिजतो, म्हणून तोही बाद. टोपी कोटालाच शिवलेली असली की मागं वळून पाहताना डोकं फिरतं, टोपी फिरत नाही, आणि मागून येणारा ट्रक काही दिसत नाही. हे सगळं बरोबर होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त बाहेर पाऊस चालू होता आणि पोरगी रोज खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन, पाऊण तास आधी निघून, कशीबशी आठाच्या आत पोचत होती. लॅबवाल्या मॅडम तिला पोत्यातून बाहेर निघताना पाहायच्या. आकांक्षाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण ती घरी बोलली नाही.

भैयाजी आर्वीच्या दुकानात चारदा गेले. वर्ध्यालाही एसटीनं जाऊन आले, तिथं भाव ऐकून परत आले आणि तिथल्या लोकांना माल कळत नाही असं ठरवून मोकळे झाले. आर्वीचा दुकानदार ओमप्रकाश गरीब स्वभावाचा. भैयाजींनी त्याच्या दुकानात एका कोटाच्या बाहीला खाली गाठ मारली, बाहीत तांब्याभर पाणी ओतलं आणि ती खुंटीला लटकवून शिवणीतून थेंब येतो का ते बघत पंधरा मिनिटं बसले. थेंब आला नाही. मग गाठ सुटली आणि पाणी ओमप्रकाशच्या स्वेटरच्या गठ्ठ्यावर गेलं. ओमप्रकाश म्हणाला, "भैयाजी, कोट चांगला आहे, घेऊन टाका." त्याला बिचाऱ्याला दुसरं सुचलंच नसेल.

रंग त्यांनी राखाडी घेतला. ओमप्रकाशनं पिवळा दाखवला, की पावसात ट्रकवाल्याला लांबून दिसतो. भैयाजी म्हणाले, पिवळ्यावर चिखल दिसतो, मळखाऊ द्या. माप विचारल्यावर तर त्यांनी कमालच केली. पोरगी मध्यम अंगाची, पाच फूट एक इंच. ओमप्रकाशनं तिच्या मापाचा काढून ठेवला होता. भैयाजींनी तो बाजूला सारला आणि दुकानातला सर्वांत मोठा मागितला. एवढी महागाची वस्तू एकट्या पोरीच्या मापाची कशी घ्यायची? मोठा घेतला तर रुख्मिणीला शेतात घालता येईल, पावसात बाजाराला निघालं तर आपल्याला होईल, उद्या जावई आला आणि पाऊस असला तर त्यालाही देता येईल. घरात जोडे, स्वेटर, बनियन, सगळं याच हिशेबानं यायचं. आकांक्षा लहानपणी शाळेच्या गणवेशात सापडायची नाही. तेव्हा ती वाढत्या अंगाची तरी होती. आता तेवीस वर्षांची झाली होती, पण वडिलांच्या लेखी अजून वाढतच होती.

कोट घरी आला. आकांक्षानं घालून पाहिला तेव्हा हात बाहीतून दिसेनात आणि सोबतच्या पॅन्टचे पाय जमिनीवर लोळू लागले. तिनं बाह्या वर सारल्या, पॅन्टला खाली दुमड घातली आणि उजव्या पायाला रबर लावायला घेतलं, कारण सायकलची चेन त्याच बाजूला असते. भैयाजींनी रबर काढून घेतलं. रबरानं कापडाला वळ पडतो, आतला थर फुटतो, व्हिडिओत सांगितलं होतं. "दुमड बस झाली. पायडल हळू मारजो," म्हणाले. रुख्मिणीबाईंनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. तीस वर्षांत त्यांनी पुष्कळ वेळा असं पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ फाटलं होतं. आकांक्षा सातला निघाली. कोट पावसात कसा चालतो ते डोळ्यांनी पाहावं म्हणून भैयाजीही आपली सायकल काढून मागं निघाले. अंगावर खताचं पोतं. पुढं पोरीच्या कोटावरून पाणी घरंगळत होतं, आत थेंबही मुरताना दिसत नव्हता. भैयाजींना समाधान वाटलं. एवढं समाधान त्यांना पोरीच्या निकालाच्या दिवशीही झालं नव्हतं.

अर्ध्या रस्त्यावर, पुलाच्या अलीकडे, ओली दुमड सुटली. पॅन्टचा उजवा पाय चेनमध्ये गेला, सायकल जागच्या जागी थांबली आणि आकांक्षा कडेच्या गिट्टीवर, चिखलात आदळली. पॅन्ट चक्रात अशी गच्च अडकली की तिला धड उठताही येईना. भैयाजींनी सायकल टाकली, धावत आले आणि खाली वाकले.

"ओढू नको! फाटंल!"

मग ते चेनपाशी बसले. पायडल उलटं फिरवून पाहिलं, कापड आणखी आत गेलं. काडी घालून पाहिली, काडी मोडली. आकांक्षा म्हणाली, बाबा, साडेसात वाजले. ते म्हणाले, दोन मिनिटं. पाच मिनिटांनी पुन्हा म्हणाले, दोन मिनिटं. रस्त्याला लागून सोयाबीनचं वावर होतं, तिथं गावातली कमलाबाई धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं गवत कापत होती. ती विळा घेऊन वर आली आणि काऊन बसले असे, म्हणून विचारू लागली. भैयाजी तिला चेनची भानगड समजावू लागले. आकांक्षानं कमलाबाईच्या हातातून विळा घेतला.

"कापू नको, नवा आहे!" भैयाजी ओरडले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं.

आकांक्षानं मनगट सोडवून घेतलं. गुडघ्याखाली विळा लावला, दोन हिसक्यांत पाय मोकळा केला, आणि वडिलांची सायकल उचलून निघाली. मागं पाहिलं नाही. कमलाबाई आपला विळा घेऊन वावरात उतरली. भैयाजी मात्र पोरीच्या सायकलपाशी बसून चेनमधलं कापड इंच इंच सोडवत होते. अर्ध्या तासानं सुटलं. फार फाटलं नव्हतं, त्यांना बरं वाटलं.

संध्याकाळी आकांक्षा आली तेव्हा तो तुकडा धुऊन, वाळवून भैयाजींच्या मांडीवर होता. दिवसभरात त्यांनी तीन ठिकाणी फोन लावले होते. असं कापड गरम करून जोडणारा एक माणूस पुलगावला आहे, असं समजलं होतं. ते आपण होऊन सांगू लागले, की जोड दिसणारसुद्धा नाही, फक्त पॅन्ट इकडं दे.

रुख्मिणीबाईंनी विचारलं, "पोचली होती का वेळेवर?"

"दोन मिनिटं राह्यले होते," आकांक्षा म्हणाली.

मग तिनं बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत सालटं निघालं होतं, लॅबमध्ये कोणीतरी औषध लावून दिलं होतं. ती रागावलेली नव्हती. नुसती दमली होती.

"मी पडली तं तुम्ही पहिले पॅन्ट पाह्यली, बाबा."

भैयाजींनी मांडीवरचा तुकडा खाली ठेवला. त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटली की माणसानं काय करायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं.

रुख्मिणीबाई उठल्या. पॅन्ट जमिनीवर पसरली, कात्री घेतली आणि दुसराही पाय पहिल्याच्या बरोबरीनं कापून टाकला. मग दोन्ही बाह्या पोरीच्या हाताला लावून पाहिल्या, आणि त्याही वीतभर कापल्या. भैयाजी समोर बसून पाहत होते. कोणी त्यांना विचारलं नाही, आणि त्यांनीही हात पुढं केला नाही.

जेवणं झाल्यावर ते पोरीजवळ येऊन बसले. तिची बाही वर करून त्यांनी हात पाहिला.

"लय लागलं का?"

"आता सुकलं," आकांक्षा म्हणाली.