गुण्याभाऊंचे पाच गोल

गुण्याभाऊ प्रथम आमच्या घरी आले, तेव्हा पाण्याचा पेला हाती घेण्यापूर्वी त्यांनी माझ्या देव्हाऱ्याला गुण्या लावला. गुण्या म्हणजे काटकोन पाहण्याचे पोलादी साधन. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून ते सदैव अर्धे बाहेर डोकावत असे, आणि त्यावरूनच आमचे सारे अर्जुनी गाव त्यांना या नावाने हाक मारी. देव्हाऱ्याच्या दाराची बिजागरी निखळली होती, ती बसवायला ते आले होते. "हात लावू काय जी?" असे त्यांनी आधी विचारले. त्या प्रश्नाच्या मागे किती पिढ्या उभ्या आहेत हे कळण्याइतके माझे वय झाले होते, म्हणून "लावा" म्हणताना मला संकोच वाटला. त्यांनी एक डोळा मिटला, गुण्या चौकटीला टेकवला आणि म्हणाले, "देव सरळ बसले आहेत गुरुजी, देव्हारा वाकडा आहे."

तीस वर्षे मी त्या देव्हाऱ्यापुढे बसत होतो. ती तिरकी रेषा मला कधी दिसली नव्हती. त्यांनी दाखवल्यावर मात्र ती डोळ्यांपुढून हलेना. जप करताना माळेच्या मण्याऐवजी चौकटच मनात येऊ लागली, तेव्हा आठ दिवसांनी मीच त्यांना पुन्हा बोलावले आणि देव्हारा सरळ करून घेतला.

माझा पुतण्या श्रीधर याचे स्टेशनकडच्या रस्त्यावर वर्कशॉप आहे. आमच्या भागात भाताखेरीज दुसरे पीक ते कोणते? म्हणून त्याचे बहुतेक काम राइस मिलचे. धान वर चढवणारे एलेव्हेटर, त्यांचे पाइप, झाकणे, जाळ्या. गुण्याभाऊ तेथे पहिल्या दिवसापासूनचे. गॅसच्या ज्योतीने हातानेच पत्रा कापावा, आणि कापलेली कड पाहून लोकांनी ती कानशीने घासली आहे असे समजावे, असा त्यांचा हात. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी संध्याकाळी तेथे जाऊन बसू लागलो. संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचे लोखंडाशी काय काम, असे घरचे म्हणत. पण योग्य ठिकाणी योग्य घाव कसा पडतो हे पाहण्यातही एक अध्ययन असते.

काम संपले की गुण्याभाऊ जुन्या धोतराच्या फडक्याने एकेक यंत्र पुसत. कोणी हसले तर म्हणत, "तुमी अंगोळ करता ना? मंग हिनं काऊन नाही कराची?" ते बौद्ध घरातले. आमच्या खंडेनवमीच्या पूजेला ते दाराशी हात जोडून उभे राहत, प्रसाद घेत, परंतु पुढे येत नसत. एकदा मी आग्रह केला, तेव्हा शांतपणे म्हणाले, "पूजा तुमची गुरुजी, पुसणं माझं." त्या वाटणीवर आम्ही दोघेही समाधानी होतो.

दोन हजार दहानंतर केव्हातरी श्रीधरने संगणकावर चालणारे प्लाझ्मा कटिंगचे टेबल आणले. संगणकात आकृती काढायची, आणि वर सरकणाऱ्या गाड्याला अडकवलेल्या टॉर्चच्या, म्हणजे कापणाऱ्या तोटीच्या, निळ्या झोताने ती पत्र्यातून कापून काढायची. टेबलाचा पाया गुण्याभाऊंनी घातला. पाण्याची नळी धरून चारही कोपरे सम केले. त्या यंत्राची बटणे दुसऱ्यांनी शिकून घेतली, पण त्याचा स्वभाव ओळखला यांनी. कापलेल्या चकतीची एक कड सरळ आणि दुसरी किंचित उतरती येते म्हणून श्रीधर घाबरला, तर म्हणाले, "झोत फिरत फिरत खाली येते जी. एका अंगाले थोडं तिरपं जाणारच. थो तिचा स्वभाव होय, दोष नाही. चांगली कड आपल्या कामाच्या बाजूनं येईल असं फिरवा, झालं." स्वभाव आणि दोष यांतला हा भेद मी वर्गात अनेक वर्षे सांगितला असेन, पण इतका थोडक्यात नाही.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला नव्या यंत्राची पूजा मीच सांगितली. टेबलाचा ईशान्य कोपरा निवडला, तेथे कलश मांडला, हळदकुंकू वाहिले आणि मंत्रांबरोबर मुक्तहस्ताने अक्षता टाकल्या. संध्याकाळी गुण्याभाऊ फडके घेऊन आले, तर मी त्यांना थांबवले. "आजचा दिवस पूजा तशीच राहू द्या. उद्या पुसा." ते क्षणभर घुटमळले, मग फडके खुंटीला टांगून गेले. दुसरा दिवस दसऱ्याचा. त्यांच्या घरचे सारे दरवर्षीप्रमाणे दीक्षाभूमीवर नागपूरला गेले, आणि ते दोन दिवसांनी परतले. तोवर इतर कामगारांनी निर्माल्य हवेच्या पाइपने उडवून टेबल मोकळे केले होते आणि गाडा चालूही केला होता.

त्यानंतर काम बिघडले. पाइप जोडण्यासाठी भोके पाडलेल्या ज्या गोल चकत्या असतात, ज्यांना फ्लँज म्हणतात, त्यांची एक मोठी ऑर्डर गोंदियाच्या मिलवाल्या शेठने दिली होती. नवे धान येण्याआधी एलेव्हेटर उभा व्हायला हवा होता. पहिला फ्लँज गेला आणि शेठ स्वतःच तो घेऊन परत आले. "पंडितजी, देखो," मला पाहून म्हणाले, "गोल है की अंडा है? बोल्ट घुसताच नाही ना. एक खेप और देखूंगा, नाही तो नागपूर से करवा लेता हूँ."

श्रीधरने नोझल बदलले. वेग कमी केला. काँप्रेसरमधले पाणी काढले. एकाच दिवशी सारे केले, आणि चकती तशीच आली. मशीन विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने फोनवरून निदान केले की पायाच सम नसेल, ज्याने बसवले त्याला विचारा. झाले. वर्कशॉपमध्ये कुजबूज सुरू झाली. हाताने कापणाऱ्या माणसाला कॉम्प्युटरचा पाया काय कळणार? श्रीधर मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, भाऊंना आता घरी बसायला सांगावं लागेल. मला त्यांच्यासमोर बोलवत नाही. तुम्ही सांगा. तुमचं ते ऐकतील."

मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. गुण्याभाऊ टेबलाशी एकटेच होते. त्यांनी टॉर्चला गुण्या लावून पाहिला होता, नळीने चारही कोपरे पुन्हा मोजले होते, आणि आता बटणे चालवणाऱ्याला सांगून एकच गोल पाच ठिकाणी कापून घेत होते. चार कोपऱ्यांत चार, मध्ये एक. प्रत्येकावर खडूने आकडा. माझी चाहूल लागताच मान न वळवता म्हणाले, "तुमाले काही सांगाचं आहे ना गुरुजी? सांगजा. पण हा पाचवा होऊ द्या."

"नोझल, हवा, वेग, सारं पाहून झालं ना?" मी विचारले.

"पाह्यलं नाही जी, बदलवलं. अन् सारं एका खेपेले. मंग कोण सुधरलं अन् कोण बिघडलं, थे कसं कळन? एका वेळी एकच हात लावावा. बाकीचं जसंच्या तसं."

मी खाली बसलो. न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. कारण असेल तेथे कार्य दिसते आणि कारण नसेल तेथे दिसत नाही, हे दोन्ही बाजूंनी तपासल्याखेरीज कारण ठरवू नये. माझ्या गुरूंनी मला ते धूर आणि अग्नीच्या दृष्टान्ताने शिकवले होते. येथे ते खडूच्या आकड्यांनी चालले होते. आणि ज्याच्याविषयी मी निर्णय घेऊन आलो होतो, त्याच्याविषयी आम्ही कोणी एवढीही तपासणी केली नव्हती.

पाचवा गोल निघाला. त्यांनी पाचही चकत्या आडव्या-उभ्या मोजल्या. चार चोख गोल. ईशान्येकडची तेवढी लांबट.

"पाया वाकडा असता त साऱ्याच बिघडल्या असत्या," ते म्हणाले. "आपुन पत्रा वाचवाले नेहमी याच कोपऱ्यातून कापणं सुरू करतो. म्हणून वाटून राहिलं का मशीनच बिघडली."

मग ते गुडघ्यांवर बसले. गाडा ज्या दातेरी पट्टीवरून धावतो, ती त्यांनी त्या कोपऱ्यात फडक्याने पुसली आणि सायकलच्या आऱ्याचे टोक दातांमधून फिरवत गेले. एका जागी आरा अडला. त्यांनी हळूच काही उकरून तळहातावर घेतले. ग्रीसमध्ये मळून, दाबून दगडासारखे झालेले दोन तांदूळ होते. त्यांवर कुंकवाचा रंग अजून शिल्लक होता. तेवढ्या जागी गाड्याच्या चाकाचा दात पुरता बसत नव्हता. गाडा उचलला जाऊन किंचित पुढे सरकत होता, आणि गोलाचा अंडाकार होत होता.

त्यांनी तळहाताकडे पाहिले, मग माझ्याकडे. तेवढ्यात श्रीधर आला. "काय निघालं भाऊ?"

"कचरा होता," गुण्याभाऊ म्हणाले, आणि ते दोन दाणे कागदाच्या कपट्यात बांधून त्यांनी गुण्यामागे खिशात ठेवले. पुन्हा गोल कापला. तो चोख आला. श्रीधरचा चेहरा उजळला, पण तो एवढेच म्हणाला, "पट्टी साफ ठेवत चला भाऊ, रोज." आणि मी, ज्याने पुसणे थांबवले होते, तो मी, तेथे उभा राहून काही बोललो नाही.

त्या संध्याकाळी संध्येला बसलो. आचमन केले, आणि संकल्पच मुखातून निघेना. सरळ देव्हाऱ्यापुढे वाकडा माणूस बसला होता. सकाळी वर्कशॉप उघडताच मी गेलो आणि सर्वांदेखत श्रीधरला म्हणालो, "तो कचरा नव्हता. त्या माझ्या अक्षता होत्या. गुण्याभाऊ पुसायला आले होते, मीच त्यांना अडवलं. दोष यांचा नाही, पायाचा नाही, यंत्राचाही नाही."

बटणे चालवणारा आणि वेल्डिंग करणारा एकमेकांकडे पाहू लागले. श्रीधरने जाऊन गुण्याभाऊंचे पाय धरले. ते मागे सरकले. "हे कायले? उठा, शेठचे फ्लँज काढाचे आहेत."

मी त्यांना एकांतात विचारले, "काल माझं नाव का नाही घेतलंत?"

"नाव घेऊन गोल सुधरत होता काय जी?" ते म्हणाले. मग खिशातून तो कपटा काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "हे घ्या. तुमच्या पूजेची वस्तू होय. भंगारात कशी टाकू? तुमीच पाण्यात सोडा."

ते दोन दाणे मी गावच्या तलावात विधिपूर्वक सोडले. इतक्या वर्षांत वाहिलेल्या अक्षतांपैकी देवापर्यंत निश्चित पोहोचल्या असतील त्या त्याच, असे मला वाटते. शेठचे सारे फ्लँज वेळेत गेले. पुढच्या खेपेला शेठ पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "अब अंडा नाही, पूरा चाँद है."

पुढच्या खंडेनवमीला गुण्याभाऊंनी त्याच टेबलावर पत्रा कापून, कडा उभ्या करून एक तबक केले आणि ईशान्य कोपऱ्याशी पट्टीपासून वीतभर दूर बसवले. गुण्या लावून दाखवला. "आता टाका किती टाकाच्या थ्या अक्षता." पूजा झाल्यावर त्यांनी फडके खुंटीवरून काढले. मी हात पुढे केला. त्यांनी पाहिले, थोडे हसले आणि फडक्याचे एक टोक माझ्या हाती दिले. त्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून पट्टी पुसली. दोघांची ती वाटणी तेव्हाच संपली.

काही वर्षांनी दृष्टी मंदावल्यावर ते देवरीला लेकीकडे राहायला गेले. जाताना त्यांनी टेबलावर पुन्हा पाच गोल कापून घेतले, आकडे घातले आणि तारेत ओवून भिंतीला टांगले. काही बिघडले की श्रीधर अगोदर ती माळ उतरवतो आणि नवे पाच गोल शेजारी ठेवून पाहतो. एका वेळी एकच हात.

दर खंडेनवमीला संध्याकाळी त्यांचा फोन येतो. प्रश्न एकच, "पुसलं काय जी?" आता त्यांना ऐकू कमी येते, म्हणून यंदा लेकीने विचारले. मी म्हणालो, "पुसलं, सांग." तिने ते मोठ्याने सांगितले. पलीकडून त्यांचा आवाज आला, "दातात आरा फिरवला काय, थे विचार."

मी फोन तसाच हाती धरून टेबलाशी परत गेलो, आणि चष्मा सावरून गुडघ्यांवर बसलो.